बाक आधी, यंत्रे नंतर

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत घरच्या घरी जोपासता येण्याजोग्या छंदांवर लेख येत आहेत आणि त्यांत सुतारकामालाही जागा मिळाली, याचा सारी नोकरी सुतारकाम शिकवण्यात घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला विशेष आनंद झाला. त्या लेखात हत्यारांची आणि विजेच्या यंत्रांची यादी सविस्तर होती; पण ही सारी हत्यारे ज्याच्यावर चालवायची त्या बाकाची, म्हणजे वर्कबेंचची, बोळवण ‘एखादे मजबूत टेबल’ एवढ्या तीन शब्दांत झाली होती. माझ्या मते क्रम नेमका उलटा हवा. हौशी माणसाने पहिला खर्च आणि पहिले श्रम बाकावर करावेत, आणि कोकण किनाऱ्यावर राहणाऱ्याने तर तो बाक इथल्या पावसाचा आणि इथल्या लाकडाचा विचार करूनच आखावा. परदेशी आराखडे आता मोबाइलवर कोणालाही मिळतात, पण त्यांत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा हिशेब धरलेला नसतो.

टेबल मजबूत आहे की नाही हे पाहायचे झाले की आपण त्याच्यावर बसून पाहतो किंवा एखादे ओझे ठेवून पाहतो. सुतारकामाच्या बाकाला ही परीक्षा लागू पडत नाही, कारण वरून येणारा भार साधे टेबलही पेलते. सुतारकामातला जोर आडवा असतो. रंधा पुढे रेटताना आणि करवत चालवताना अंगाचा जोर बाकाच्या लांबीच्या दिशेने जातो, पुन्हा मागे येतो, आणि काम संपेपर्यंत हे सतत चालू राहते. जेवणाच्या टेबलाची चौकट असे धक्के सोसण्यासाठी केलेली नसते. तिचे पाय आणि वरची पट्टी यांच्यातला काटकोन प्रत्येक रेट्याबरोबर किंचित उघडतो, किंचित मिटतो, आणि काही महिन्यांत सांधे कायमचे सैल होतात. त्याचा परिणाम थेट कामावर दिसतो. जोराचा काही भाग लाकूड तासण्याऐवजी टेबल हलवण्यात जातो, रंधा थडथडतो, तासलेल्या पृष्ठभागावर लाटा उमटतात, आणि नवशिक्याची समजूत होते की आपला हात बसलेला नाही किंवा पात्याला धार नाही. मग तो नवा रंधा विकत आणतो. बाक पारखण्याचा सोपा उपाय असा, की त्याच्यावर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवावा आणि बाकाच्या एका टोकाला दोन्ही तळवे टेकून लांबीच्या दिशेने दमदार रेटा द्यावा. पाणी सांडले, तर दोष हाताचा नाही.

ही डुगडुग थांबवायची तर पायांची जाडी वाढवून फारसे साधत नाही. बहुतेक लोक मात्र तेवढेच करतात. चार इंची पाय आणि त्यांना जोडणारी दीड-दोन इंच रुंदीची पट्टी, असा बाक मी पुष्कळ ठिकाणी पाहिला आहे आणि तो हटकून हलतो. चौकट ताठ राहते ती सांध्याच्या उंचीमुळे. पायात बसणारे आडव्या पट्टीचे कुसू, म्हणजे खोबणीत शिरणारे तासलेले टोक, जितके उंच, तितका त्याला वाकडे होण्यास विरोध करायला अधिक आधार मिळतो. म्हणून लांबीच्या दिशेच्या खालच्या पट्ट्या किमान सहा इंच रुंद आणि दोन इंच जाड घ्याव्यात, आणि त्या जमिनीपासून पाच-सहा इंचांवर बसवाव्यात. आखूड बाजूला चार इंच रुंदीच्या दोन पट्ट्या, एक वर आणि एक खाली, पुरेशा होतात. रुंद पट्टीसाठी मनासारखे लाकूड मिळत नसेल, तर मागच्या दोन पायांना पूर्ण रुंदीची प्लायवूडची फळी स्क्रूने घट्ट आवळावी. ती तिरक्या आधाराचे काम करते आणि लांबीच्या दिशेची डुगडुग जवळजवळ नाहीशी होते. दिसायला ती सुबक नसते, पण बाक हा दिवाणखान्यात मिरवायचा नसतो.

दुसरा भाग वजनाचा. सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि तीन इंच जाड असा वरचा फळा धरला तर तो तीन घनफूट होतो. चार इंच चौरस आणि एकतीस इंच उंच असे चार पाय सव्वा घनफुटापेक्षा थोडे कमी, आणि वर सांगितलेल्या सगळ्या पट्ट्या मिळून आणखी सव्वा घनफूट. म्हणजे तयार बाकात साधारण साडेपाच घनफूट लाकूड असते; तासणी आणि तुकडे जमेस धरून सात घनफूट आणावे. वाळलेल्या सागाचा घनफूट १८ किलोच्या आसपास भरतो, म्हणजे सागाचा बाक १०० किलोच्या जवळ जातो, आणि पायांना ऐनाचे लाकूड वापरले तर त्याहून जड होतो. हाताने रंधा मारणाऱ्याला एवढे वजन पुरते. तरीही कमी वाटले तर आपल्याकडे त्यावर फुकटात पडेल असा इलाज आहे. खालच्या पट्ट्यांवर फळ्या टाकून मांडणी करावी आणि तीवर घराच्या बांधकामातून उरलेले जांभ्याचे चार चिरे ठेवावेत. आकारमानाप्रमाणे एकेक चिरा २५ ते ३० किलो भरतो. म्हणजे बाकाचे वजन दुप्पट झाले, आणि तेही जमिनीलगत, जिथे ते सर्वांत उपयोगी पडते.

वरच्या फळ्याच्या जाडीविषयी मात्र काटकसर करू नये. फळीची जाडी दुप्पट केली की तिचा ताठपणा दुप्पट होत नाही, आठपट होतो, आणि दोन आधारांमधले अंतर दुप्पट केले की फळीला येणारा वाक तेवढाच आठपट होतो. म्हणून सहा फुटी बाकाचे पाय अगदी टोकांना न लावता दोन्ही बाजूंनी नऊ-दहा इंच आत घ्यावेत. पटाशीवर मोगरी (लाकडी हातोडा) मारायचे काम नेहमी पायाच्या बरोबर वर करावे. फळ्याच्या मध्यावर ठोकले की निम्मा मार फळा उडवण्यात जातो. जाड लाकूड मिळत नसेल तर इंग्रजी धाटणीचा बाक करावा. त्यात वरची फळी दीड इंचाचीही चालते, कारण तिच्या पुढच्या आणि मागच्या कडेखाली नऊ-दहा इंच रुंदीची उभी फळी लावून तिला तुळईसारखे बळ दिलेले असते. फ्रेंच धाटणीत अशी उभी फळी नसते. तिथे चार इंच किंवा त्याहूनही जाड फळा आणि त्यात थेट खालून घुसणारे पाय असतात. तीत पकडी (क्लॅम्प) लावणे सोपे जाते, पण आजच्या काळात चार इंच जाडीचा फळा आणायचा कुठून, हा प्रश्न उरतोच.

आता पावसाळ्याकडे येतो, कारण परदेशी आराखड्यांचे आणि आपले खरे वाकडे इथेच आहे. लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते, आणि त्याबरोबर आडव्या दिशेने फुगते व आक्रसते. लांबीच्या दिशेने हा फरक नगण्य असतो. आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात आणि त्यानंतरच्या कोरड्या दिवसांत सावलीतल्या लाकडात साधारण ११-१२ टक्के ओलावा राहतो, तर आषाढ-श्रावणात हवा दिवसेंदिवस ९० टक्के दमट राहिली की तो १८-१९ टक्क्यांपर्यंत चढतो. साग हे न हलणारे लाकूड म्हणून नावाजलेले आहे, आणि ते रास्तच आहे. तरी ओलाव्याच्या प्रत्येक टक्क्यामागे चपट्या चिरलेल्या, म्हणजे टोकाला वलये आडवी दिसणाऱ्या, सागाची फळी रुंदीत सुमारे ०.२ टक्के वाढते. सात टक्क्यांच्या फरकाने दोन फूट रुंदीचा फळा पाव इंचाहून जास्त, जवळजवळ तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) वाढला असे होते. इतर लाकडे याहून जास्त वाढतात. हा फळा चारी बाजूंनी चौकटीला सरस लावून आणि खिळे ठोकून पक्का केला असेल, तर वाढायला वाव न मिळाल्याने तो मध्ये पोट काढतो किंवा चौकटीचे सांधे उचकटतो, आणि पुढच्या हिवाळ्यात आक्रसताना उभा चिरतो. लोक मग लाकडाला नावे ठेवतात.

उपाय अवघड नाही. फळा पुढच्या कडेने पक्का आवळावा, कारण मोजमापे आणि पकडी त्याच कडेवर असतात. मागच्या कडेचे बोल्ट मात्र लांबट खाचांतून घ्यावेत, म्हणजे फळ्याला मागच्या बाजूला सरकता येईल. त्याहूनही चांगले म्हणजे फळा एकसंध न करता अकरा-अकरा इंचांच्या दोन फळ्यांचा करावा आणि मधे दीड-दोन इंचांची फट ठेवावी. वाढलेली रुंदी त्या फटीत मुकाट्याने सामावते, फटीतून पकडी खाली सोडता येतात, पटाश्या उभ्या ठेवता येतात, आणि मुख्य म्हणजे एवढ्या रुंदीच्या फळ्या अजून मिळू शकतात. खोडाच्या गाभ्यातून चिरलेली, म्हणजे जिच्या टोकाला वलये उभी दिसतात अशी फळी निवडता आली तर जरूर निवडावी. ती रुंदीत जवळजवळ निम्मीच हलते.

सांधे कोणत्या महिन्यात कापायचे, हाही आपल्याकडे विचार करण्याचा विषय आहे. भर पावसाळ्यात फुगलेल्या लाकडाचे कुसू कापून खोबणीत नेमके बसवले, तर माघ-फाल्गुनात ते सुकून ढिले पडते. उलट कुसू कोरड्या दिवसांत कापले तर पावसात ते अधिक घट्ट होते. म्हणून लाकूड दिवाळीनंतर कामाच्या जागेत आणून महिना-दीड महिना रचून ठेवावे आणि सांध्यांचे काम संक्रांतीपासून आगोटीच्या, म्हणजे पाऊस सुरू होण्याच्या, आधी पुरे करावे. जुने जाणकार कुसवाचे लाकूड खोबणीच्या लाकडापेक्षा किंचित जास्त सुकवून घेत, त्यामागे हेच कारण होते. सांध्यात नुसत्या सरसावर विसंबू नये. बाजारातला नेहमीचा पांढरा सरस सतत ओल लागली की मऊ पडतो, तेव्हा एकतर पाण्यात टिकणारा सरस घ्यावा किंवा सांधा आरपार काढून त्याला लाकडी पाचर द्यावी. लांब पट्ट्यांसाठी मी तर बाहेरून ठोकता येईल अशी मोकळी पाचरच सुचवीन. सांधा ढिला वाटला की मोगरीचे दोन ठोके घातले की पुन्हा ताठ, आणि घर बदलायची वेळ आली तर बाक सुटा करून टेम्पोत घालता येतो. बोल्टही चालतात, मात्र खाऱ्या वाऱ्यात साधे लोखंड टिकत नाही आणि साग, ऐन किंवा बाभळीत ते काळे डागही पाडते. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, शक्य असेल तर खाऱ्या हवेत अधिक टिकणाऱ्या ३१६ दर्जाचे घ्यावेत, आणि वर्षातून दोनदा, नारळी पौर्णिमेच्या सुमारास आणि होळीच्या सुमारास, आवळून पाहावेत.

लाकूड फुगण्याचे गणित आपल्या किनाऱ्याला नवे नाही. हर्णै, मालवण, वेंगुर्ले या बंदरांवर ज्यांनी लाकडी होड्या बांधल्या, त्या मेस्त्रींना फळी पाण्यात किती फुगेल आणि त्यामुळे सांध्याची फट कशी मिटेल हे बोटांच्या अंदाजाने कळत असे. फायबरच्या होड्या आल्यापासून त्यांच्या हातांना काम कमी झाले आहे. आपल्या गावात असा एखादा मेस्त्री असेल तर बाक करण्यापूर्वी त्याच्याकडे जाऊन बसावे. त्याच्याकडून जे समजेल ते माझ्या या पत्रात मावणार नाही.

लाकूड कोणते घ्यावे, या प्रश्नाचे उत्तर हौशी लोक ताबडतोब ‘साग’ असे देतात आणि किंमत ऐकून छंदच सोडून देतात. बाकाला सागाचीच गरज नाही. पाय आणि पट्ट्यांना ऐन किंवा किंजळ उत्तम. दोन्ही जड, चिवट आणि आपल्या भागातले. ऐनात खिळा किंवा स्क्रू जाण्यापूर्वी गिरमिटाने भोक पाडलेच पाहिजे, नाहीतर लाकूड फाटते. वरच्या फळ्यांना फणस मला सागाखालोखाल आवडतो. तो रंध्याला मऊ लागतो, वाळवी त्याच्या गाभ्याला सहसा तोंड लावत नाही, आणि सुरुवातीचा पिवळा रंग पुढे तपकिरी होत जातो. आंब्याचे लाकूड स्वस्त आणि मुबलक असले तरी ते लवकर किडते आणि ओलीत बुरशी धरते; वापरायचेच तर कापल्याबरोबर चिरून, औषध लावून आणि नीट वाळवून वापरावे, आणि जमिनीला टेकणारा भाग त्याचा करू नये. किनाऱ्यावरचा सुरू कठीण असतो, पण वाळताना पिळवटतो आणि फाटतो. तो मांडवाला ठीक, बाकाला नको.

सर्वांत चांगले लाकूड मात्र वखारीत नसून आपल्याच गावांतल्या पाडलेल्या घरांत आहे. जुनी कौलारू घरे पाडून स्लॅबची घरे बांधण्याचे काम किनाऱ्यावर सर्वत्र चालू आहे. त्यांतल्या तुळया, खांब, लगी आणि तक्तपोशीच्या फळ्या अनेक पिढ्या छपराखाली राहून पुरत्या मुरलेल्या असतात. जेवढे पिळायचे तेवढे त्या पिळून झालेल्या असतात. एका मोडक्या माडीच्या तुळयांमधून दोन बाकांचे पाय सहज निघतात. असे लाकूड बंबाखाली किंवा भट्टीत जाताना पाहिले की वाईट वाटते. अर्थात ते डोळसपणे निवडावे. भोके दिसली आणि ठोकल्यावर पिठासारखा भुसा गळला, तर किडा अजून आत आहे असे समजून ते घरात आणू नये. टोके भिंतीत गाडलेली असतील तर तेवढा फूट-दीड फूट भाग बहुधा कुजलेला असतो. तो कापून टाकावा. चुन्याचे आणि मातीचे थर तारेच्या ब्रशने काढावेत, आणि लोहचुंबक फिरवून आत तुटून राहिलेले खिळे शोधावेत, कारण एक गंजका खिळा रंध्याच्या पात्याचे वाटोळे करतो आणि यंत्राच्या करवतीत तर माणसालाही इजा करतो. जुने तैलरंग असतील तर ते तासताना नाकातोंडाला मास्क लावावा. त्यांत शिसे असू शकते. विकत घेताना पावती घ्यावी.

इथेच एक सार्वजनिक प्रश्न मांडतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मंडणगड आणि दापोली या पट्ट्यातली झाडे आडवी केली, आणि पुढच्याच वर्षी मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने सिंधुदुर्गापासून वर रत्नागिरीपर्यंत पुन्हा तेच केले. फणस, आंबे, जांभळी, साग असे किती लाकूड पडले ते आपण सर्वांनी पाहिले. वाटा मोकळ्या करण्याची घाई होती, हे मान्य. तरीही त्यातले पुष्कळसे चांगले लाकूड सरपणाच्या भावाने गेले किंवा पावसात जागच्या जागी कुजले, कारण ते चिरून, टोकांना रंग किंवा मेण लावून, मधे पट्ट्या घालून छपराखाली रचून ठेवायचे असते हे फारच थोड्यांना ठाऊक होते. हवेवर वाळवायचे तर जाडीच्या प्रत्येक इंचामागे साधारण एक वर्ष धरतात. आपल्या दमट हवेत थोडे अधिकच धरावे. त्या हिशेबाने निसर्ग वादळात पडलेल्या फणसाच्या तीन इंची फळ्या रचून ठेवणाऱ्याकडे आज बाकाचे लाकूड तयार आहे. दुसरी अडचण कायद्याबद्दलच्या धास्तीची. महाराष्ट्रात झाडे तोडण्याचे नियमन करणारा कायदा १९६४ पासून आहे आणि त्याच्या अनुसूचीत साग, ऐन, किंजळ, फणस, आंबा, जांभूळ ही आपली नेहमीची झाडे आहेत. ती तोडायला परवानगी लागते, आणि ती लागलीच पाहिजे, असे माझे मत आहे. पण वादळाने आपल्याच परड्यात पडलेल्या झाडाचे काय करायचे, कोणाला कळवायचे, चिरायला नेण्यासाठी कोणता पास लागतो, हे साध्या मराठीत एका पानावर छापून प्रत्येक ग्रामपंचायतीत आगोटीपूर्वी लावले, तर लोक भीतीपोटी चांगल्या ओंडक्यांचे सरपण करणार नाहीत.

ज्यांना जुने किंवा वाळवलेले लाकूड मिळणारच नाही, त्यांनी वरचा फळा प्लायवूडचा करावा. त्यात कमीपणा नाही. उलट उभेआडवे थर असल्यामुळे प्लायवूड ऋतूंप्रमाणे फारसे हलत नाही. आठ फूट बाय चार फूट मापाचा १८ मिलिमीटर जाडीचा एक पत्रा लांबीत दोन भागांत कापून एकावर एक सरसाने चिकटवला, की दोन फूट रुंदीचा आणि ३६ मिलिमीटर जाडीचा फळा तयार होतो. दीड पत्रा घेतला तर तीन थर होतात आणि काम निश्चिंत होते. मात्र प्लायवूड भारतीय मानक ७१० चे, म्हणजे मरीन प्रतीचे घ्यावे आणि पत्र्यावरचा शिक्का स्वतः वाचावा. कडांना इंचभर जाडीची भरीव लाकडी पट्टी लावली की थरांच्या टोकांतून ओल शिरत नाही.

जागेविषयी थोडक्यात. बहुतेकांची सुतारशाळा पडवीत किंवा रिकाम्या झालेल्या गोठ्यात असते. पडवीत पावसाची झड येते, तेव्हा त्या बाजूला झापे किंवा ताडपत्री लावावी आणि बाक भिंतीला चिकटवू नये. चार-सहा इंच अंतर ठेवले की मागून वारा खेळतो आणि वाळवीची वाट दिसत राहते. सारवलेल्या जमिनीवर किंवा फुटक्या कोब्यावर चारही पाय कधीच सारखे टेकत नाहीत, म्हणून प्रत्येक पायाखाली जांभ्याचा सपाट घडवलेला तुकडा जमिनीत बसवून पाणसळीने चारही एका पातळीत आणावेत. चिरा आणि पाय यांच्यामध्ये जुन्या ट्यूबच्या रबराचा तुकडा घातला तर जांभ्यातली ओल वर चढत नाही आणि पायही सरकत नाही. पायांच्या बुडाला काजूच्या टरफलांचे तेल लावणे हा आपल्याकडचा जुना उपाय आहे आणि तो चांगला आहे, पण ते तेल कातडी भाजते. हातमोज्यांशिवाय त्याला हात लावू नये. बाकाच्या वरच्या पृष्ठभागाला चकचकीत पॉलिश नको, कारण त्यावर काम घसरते. उकळलेल्या जवसाच्या तेलाचे दोन हात पुरतात, आणि ज्या फडक्याने ते लावले ते फडके चुरगळून कोपऱ्यात न टाकता उघड्यावर पसरून वाळवावे, कारण असे चुरगळलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते.

उंचीबाबत प्रत्येकाचे माप वेगळे असते. ताठ उभे राहून हात खाली सोडावा आणि मनगटाची घडी जमिनीपासून किती उंच आहे ते मोजावे; हाताने रंधा मारणाऱ्याने बाक त्या उंचीचा किंवा इंचभर कमी करावा. साडेपाच फूट उंचीच्या माणसाला ते माप ३२ ते ३४ इंच येते. मुख्यतः कोरीव काम करणाऱ्याला चार-सहा इंच जास्त उंची लागते, पण त्यासाठी बाक उंच करण्यापेक्षा त्याच्यावर ठेवायची छोटी चौकी करावी. आपला पारंपरिक सुतार जमिनीवर बसून पायाने लाकूड धरतो आणि सुंदर काम करतो. तथापि साठीच्या गुडघ्यांना ते जमत नाही, हे मी स्वतःच्या गुडघ्यांवरून सांगतो.

लाकूड धरण्याची सोय आराखड्यातच करावी, मागाहून नव्हे. डाव्या टोकाला पायाच्या बरोबर वर एक लोखंडी शिकंजा, त्याचा आतला जबडा फळ्याच्या पुढच्या कडेशी सपाट. फळ्यात पाऊण इंचाच्या भोकांची एक रांग, आणि त्यांत बसणाऱ्या लाकडी खुंट्या. एवढ्यावर घरगुती कामाचा बहुतेक भाग निभावतो. डावऱ्या माणसाने शिकंजा उजवीकडे लावावा. पुढचे पाय आणि खालची पट्टी फळ्याच्या कडेशी एका रेषेत ठेवली, तर दाराची फळी उभी धरून तिची कड तासता येते. टेबलाचा फळा चारी बाजूंनी पायांच्या बाहेर डोकावतो, त्यामुळे टेबलावर हे काम कधीच नीट होत नाही. शिकंज्याच्या आट्यांना पावसाळ्यात दर आठवड्याला मशीनचे तेल द्यावे.

या निमित्ताने आपल्या दैनिकामार्फत दोन विनंत्या करतो. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात वनशास्त्राचे महाविद्यालय आहे. तिथल्या तज्ज्ञांनी ऐन, किंजळ, फणस, आंबा, जांभूळ आणि किनाऱ्यावर सर्वत्र लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ यांची चिरणी, वाळवण आणि आकुंचन यांविषयी सुतारांना वाचता येईल अशी छोटी मराठी पुस्तिका काढावी, आणि तीत मापे सेंटिमीटरबरोबर इंच व सुतांतही द्यावीत, कारण आमच्या मेस्त्रींचे गणित अजून सुतातच चालते. दुसरी विनंती जिल्ह्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांना. सुतारकाम शिकणाऱ्या मुलांकडून सरावासाठी तेच ते सांधे कापून घेऊन तुकडे फेकून देण्याऐवजी, दोघा-दोघांत मिळून एक बाक करून घ्यावा. त्यात कुसू-खोबण, पाचर, बोल्टची भोके, फळ्यांची जोडणी आणि शिकंज्याची बसवणी असे सगळेच येते, आणि ते बाक लिलावाने हौशी नागरिकांना विकले तर पुढच्या तुकडीच्या लाकडाचा खर्चही निघेल.

वर सांगितलेल्या सहा फुटी, दोन फळ्यांच्या बाकाचा मापांसह आराखडा मी वेगळ्या कागदावर काढून सोबत जोडला आहे. पुरवणीत जागा असल्यास तो छापावा. त्यावर माझा कोणताही हक्क नाही, आणि कोणी लाकडाप्रमाणे त्यातली मापे बदलली तरी माझी हरकत नाही, फक्त खालच्या पट्टीची रुंदी सहा इंचांहून कमी करू नये.

आपला,
एक नियमित वाचक,
दापोली, जि. रत्नागिरी